अनुभव : नाही

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातलं आहे. ज्यांना हॉस्पिटलमध्ये, वृद्धाश्रमात किंवा कुणाच्या घरी पेशंट सांभाळायच्या कामासाठी अर्ज करायचाय त्यांनी वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण अशा बायका अर्जाला मदत मागायला माझ्याकडं सारख्या येतात आणि बहुतेकींचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं. नाव देत नाही, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, इथंही अक्काच. कुणाला ओळखू येईल असे दोनचार तपशील बदललेत.

अक्काचं वय ३९. घरात तेलुगू, शिक्षण दहावी, लग्नाआधी आईबरोबर विड्या वळल्या आणि लग्नानंतरही तेच चालू, नवरा लूमवर, दोन पोरं. सासूला पॅरालिसिसचा झटका आला त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर चार वर्षं त्यांचं खाणंपिणं, अंघोळ, हागणंमुतणं सगळं अक्कानं एकटीनं केलं. सासू गेल्यावर गल्लीतलेच लोक बोलवायला लागले, कुणाचे आजोबा खुब्याचं हाड मोडून पडलेले, कुणाची आई कॅन्सरची, अक्का सकाळी जायची संध्याकाळी यायची, पैसे रोख, कागद काहीच नाही. नंतर कुणीतरी सुचवलं म्हणून तिनं जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे नर्सच्या हाताखाली पेशंटची रोजची काळजी घेणाऱ्याचा कोर्स केला, सगळे ज्याला जीडीए म्हणतात तो. सर्टिफिकेट हातात आलं आणि मग होटगी रोड, सात रस्ता, रेल्वे लाईन्स, जिथं हॉस्पिटलची पाटी दिसेल तिथं जाऊन रिसेप्शनला कागद देऊन यायला लागली. महिने गेले, एकही फोन आला नाही.

माझ्याकडं आली तेव्हा मी आधी तो कागद मागितला. झेरॉक्सच्या दुकानात टाईप केलेला एक पानी बायोडाटा. वर मोठ्या अक्षरात नाव, खाली नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, मग शिक्षणाचा चौकोन, त्यात दहावी आणि जीडीए. भाषा : मराठी, हिंदी. छंद : टीव्ही पाहणे. अनुभव : नाही. आणि शेवटी, "मला एक संधी द्यावी, मी कामात कसूर करणार नाही."

अनुभव नाही! मी तो शब्द बघतच राहिले. मी विचारलं हे कुणी लिहिलं, तर म्हणाली दुकानातल्या पोरानं विचारलं नोकरी केलीय का कुठं, मी म्हटलं नाही, त्यानं टाकलं. त्या पोराचा काही दोष नाही, त्याच्या कंप्युटरमध्ये एकच फॉर्म सेव्ह असतो, ड्रायव्हर येवो नाहीतर शिक्षक येवो तोच निघतो. आणि अक्काही खोटं बोलली नव्हती, तिच्या डोक्यात नोकरी म्हणजे हजेरीपट आणि पगार, सासूचं केलं ते घरचं काम, आणि गल्लीतल्या पेशंटचं केलं ती मदत, त्यात सांगण्यासारखं काय.

पण या क्षेत्रात सांगण्यासारखं तेच असतं हो. वॉर्डात जीडीए घेताना सिस्टर इन्चार्जला हेच बघायचं असतं की ही बाई पेशंटला हात लावायला कचरते का, घाण बघून मागं सरते का, वेळ पाळते का, म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलते का. दहावीचे टक्के विचारून हे कळत नाही. आणि अर्ज बघणाऱ्याला ते कागदावर दिसलंच नाही तर तो बोलावणार कशाच्या जोरावर?

म्हणून बायोडाटा बाजूला ठेवला आणि अक्काला नुसतं विचारत बसले. सासूबाईंचा दिवस कसा सुरू व्हायचा?

"काय मॅडम, सकाळी तोंड पुसायचं, डायपर बदलायचा, पाठ बघायची."

"पाठ कशाला?"

"लाल झालीय का बघायला. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर. लाल दिसली की त्या अंगावर निजवायचं नाही मग. रात्री पण उठून कूस बदलायची, दोन दोन तासाला. डॉक्टरनं सांगितलेलं एकदाच, मी मोबाईलला अलार्म लावून ठेवलेला."

"जखम झाली होती का कधी?"

"नाही ना. एक पण नाही."

चार वर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस, एक अंग पूर्ण लुळं, आणि पाठीला एकही जखम नाही! ज्यांनी बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, बघितलेत त्यांना कळेल हे काय आहे ते, चांगल्या चांगल्या ठिकाणी आठ दिवसात कातडी सुटते. पुढं विचारत गेले तसं निघत गेलं. सुरुवातीचे काही महिने नाकातून नळी होती, तर नळीतून द्यायच्या आधी उशा लावून डोकं वर करायचं आणि दिल्यावर अर्धा तास तरी तसंच ठेवायचं, लगेच आडवं केलं तर उलटी होऊन छातीत जातं, हे तिला माहीत. लघवीची पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला अडकवायची, अंगावर किंवा गादीवर ठेवायची नाही, उंच गेली तर लघवी परत आत जाते, हे माहीत. पिशवीतलं किती झालं ते पोराच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची आणि डॉक्टरकडं जाताना वही न्यायची. ती वही अजून घरात आहे. तारीख, सकाळ, संध्याकाळ, आकडा, कधी मध्येच "रंग लाल" असं लिहिलेलं, आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेल्याची नोंद. हॉस्पिटलात पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा जो इनटेक आउटपुट चार्ट ठेवतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त शंभर पानी वहीत.

नवीन अर्ज या सगळ्यातून उभा राहिला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं : अर्धांगवायू झालेल्या, पूर्ण अंथरुणावरच्या ज्येष्ठ महिलेची घरी ४ वर्षे काळजी. दर २ तासांनी कूस बदलणे, स्पंजिंग, डायपर, नळीतून आहार देताना मदत, लघवीच्या पिशवीची निगा आणि रोजची नोंद. या काळात बेडसोअर नाही. त्याखाली बाहेरचे पेशंट, प्रत्येकाला दोन ओळी, आजार काय, किती महिने, अक्कानं काय केलं. पेशंटची नावं टाकली नाहीत, ते कुणाच्याच बायोडाटात टाकू नये, दुसऱ्याच्या घरातलं आजारपण आहे ते. घरचा पेशंट आहे हेही लपवलं नाही, "स्वतःच्या कुटुंबात" असं स्पष्ट लिहिलं, कारण इंटरव्यूत ते निघणारच आणि लपवलेलं निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दोन घरच्या लोकांनी चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली, खाली सही, आणि फोन नंबर द्यायला चालेल का हे आधी विचारून घेतलं. सासूला बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांनीही लेटरहेडवर लिहून दिलं. अशी पत्रं लोक आनंदानं देतात, मागायलाच कुणी जात नाही.

छंदाची ओळ काढली, धर्म जात काढली, खाजगी हॉस्पिटलला त्याची गरजच नाही.

भाषेचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे. तिनं लिहिलं होतं मराठी, हिंदी. मी म्हटलं तेलुगू कुठाय? तर म्हणते, "ते काय लिहायचं, घरात बोलतो की आम्ही." आणि कन्नड? अक्कलकोटकडची शेजारीण होती, कन्नड समजतं आणि बोलताही येतं. आता सोलापूरच्या दवाखान्यांचा विचार करा. आपल्या सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जिल्ह्याबरोबरच धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडून पेशंट येतात, खाजगीतही तेच. पूर्व भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना आयुष्यभर इथं राहून मराठी जेमतेम येते, आणि झटका आल्यावर किंवा विसरभोळेपणा वाढल्यावर नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा तेवढी राहते असं मी कितीतरी घरात पाहिलंय. रात्री तीन वाजता "नीळ्ळू, नीळ्ळू" म्हणणाऱ्या आजीला पाणी पाहिजे हे कळणारं माणूस वॉर्डात असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. चार भाषा, आणि अर्जात दोनच. मी त्या ओळीला अर्जाच्या वरच्या भागात आणलं.

दुसरी अडचण जरा नाजूक होती. अक्काला तिच्या ओळखीतल्या एकीनं सांगितलेलं की सरळ "नर्स" म्हणून लिही, पगार जास्त मिळतो, कोण बघतंय. यावर मी स्पष्ट नाही म्हणाले आणि इथंही स्पष्ट लिहिते. नर्सिंगचे कोर्स म्हणजे एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, आणि ते पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी, तीही दर पाच वर्षांनी रिन्यू करायची, तेव्हा ती बाई नर्स. सहा महिन्यांच्या कोर्सवर "नर्सिंग" असं छापून सर्टिफिकेट देणारे आपल्या भागात भरपूर आहेत, हजारो रुपये भरून पोरी ते घेतात आणि मग कौन्सिलची नोंदणी मागितली की रडत येतात. प्रवेश घ्यायच्या आधी एकच विचारायचं, या कोर्सनंतर कौन्सिलची नोंदणी मिळते का, आणि मिळते म्हणाले तर कॉलेजची मान्यता कौन्सिलच्या यादीत स्वतः बघायची. जीडीए हे नर्सच्या हाताखालचं काम आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही, पण इंजेक्शन, सलाईन, औषधाचा डोस यात जीडीएनं हात घालायचा नाही. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि काही झालं तर सगळ्यात आधी याच बाईला पुढं करतात.

मग कागद. लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं हे रडगाणं आहे, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, कोर्स आधारवर केला म्हणून जीडीएवर सासरचं, आणि अक्काच्या बाबतीत वर आणखी स्पेलिंग वेगळं, कारण तेलुगू आडनाव इंग्रजीत प्रत्येकानं आपापल्या मनानं लिहिलेलं. खाजगीवाले विवाह नोंदणीच्या दाखल्यावर भागवतात. सरकारी भरतीत मात्र विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र लागतंच, आणि ते कागद पडताळणीच्या आदल्या आठवड्यात होत नाही. राजपत्राचा अर्ज ऑनलाईन करता येतो, स्वतःच करता येतो, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. अक्काचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं, ते महापालिकेत आधी नोंदवून घेतलं. त्याच फेऱ्यात पोलिसांची चारित्र्य पडताळणी पण ऑनलाईन टाकली, कारण होम केअरवाले, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारे, ती हमखास मागतात, आणि मागावीच त्यांनी, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात शिरायचं काम आहे.

सरकारीचं म्हणाल तर अक्काला आधी वाटत होतं आपलं वय गेलं. खुल्या गटाला ३८ ची मर्यादा आहे, ती ३९ ची. पण अक्काचा पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात (विमाप्र) येतो आणि मागासवर्गीयांना मर्यादा ४३ आहे, म्हणजे दार अजून उघडं होतं, फक्त जातीचा दाखला तिच्याकडं नव्हता. इथं बायकांची हमखास गफलत होते, नवऱ्याचे कागद घेऊन जातात. जात वडिलांकडून धरतात, कागद माहेरचे लागतात, आणि विमाप्र आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अक्काचे वडील फार शिकलेले नाहीत पण लहानपणी दोनचार वर्षं म्युनिसिपालिटीच्या तेलुगू शाळेत गेलेले, त्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव आणि जात निघाली. तो उतारा मिळाला त्या दिवशी अक्का फोनवर रडली, म्हणाली अप्पाचं शाळेत नाव आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यावर जातीचा दाखला, मग नॉन क्रिमीलेअर, आणि पडताळणीचा अर्ज. दोनच पोरं असल्यानं लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचा प्रश्न आला नाही, नाहीतर २००५ च्या नियमाप्रमाणं २८ मार्च २००६ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर सरकारी नोकरीचा रस्ताच बंद होतो, आणि कितीतरी जणींना हे फी भरून झाल्यावर कळतं.

अंगणवाडी आणि आशाचाही विचार झाला होता. अंगणवाडीला आता बारावी लागते आणि वय ३५ पर्यंत, त्यामुळं तो विषय तिथंच संपला. आशा वयात बसत होतं पण ते मानधनाचं काम आहे, पगाराची नोकरी नाही, आणि आपल्याच भागात जागा निघावी लागते. लूमचं काम कधी आठवडा आठवडा बंद असतं, अशा घरात तिला दरमहा ठरलेला पगार पाहिजे होता.

अर्ज देण्याची पद्धतही बदलली. रिसेप्शनला कागद दिला की तो ड्रॉवरमध्ये जातो. त्याऐवजी नर्सिंग सुपरिंटेंडंट किंवा मेट्रन कधी भेटतात ते विचारून त्याच वेळेला जायचं, सकाळच्या राऊंडच्या वेळी आणि पाळी बदलताना अजिबात नाही. बऱ्याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय, आया, जीडीए हे थेट घेतच नाहीत, एजन्सीमार्फत घेतात, मग हॉस्पिटलमध्येच विचारायचं एजन्सी कुठली. आणि एजन्सीकडं गेल्यावर दोन गोष्टी पक्क्या ठेवायच्या, डिपॉझिट द्यायचं नाही आणि ओरिजिनल कागद ठेवून यायचं नाही. अक्काला एका ठिकाणी युनिफॉर्म आणि नोंदणीच्या नावाखाली पैसे आणि दहावीचं ओरिजिनल दोन्ही मागितलं. ती कागद उचलून बाहेर आली. गरजू बाईचं सर्टिफिकेट कपाटात कोंडून तिला बांधून ठेवणं हा सरळसरळ छळ आहे, मी त्याला दुसरं काही म्हणणार नाही.

पहिला इंटरव्यू वाया गेला. अक्का खुर्चीच्या टोकावर बसली आणि प्रत्येक प्रश्नाला "हो मॅडम, करीन मॅडम". त्यानंतर आम्ही सराव केला, आणि पाठ केलेली उत्तरं अजिबात नको असं ठरवलं. प्रश्न कुठलाही येऊदे, घडलेलं एक सांगायचं, काय झालं होतं, तू काय केलंस, पुढं काय झालं. पेशंट जेवायला नको म्हणाला तर काय कराल, याला "प्रेमानं समजावीन" हे सगळेच सांगतात. अक्काकडं खरं होतं, कॅन्सरच्या त्या आजी तीन दिवस जेवत नव्हत्या, घरचे रागावून भरवायचे, अक्कानं आजींच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघितलं तर आत फोड आलेले, तिनं घरच्यांना दाखवलं, डॉक्टरनी औषध दिलं, तोवर गार आंबील करून चमच्यानं देत राहिली. हे तिला सांगायला शिकवावं लागलं नाही, फक्त हेच सांग एवढं सांगावं लागलं.

दुसऱ्या ठिकाणी समोर सिस्टर इन्चार्ज होत्या. त्यांनी थोडं विचारलं आणि मग म्हणाल्या, चला वॉर्डात, या आजोबांची कूस बदलून दाखवा. अक्कानं आधी हात धुतले. मग आजोबांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं, मामा, तुम्हाला भिंतीकडं वळवते, घाबरू नका. लघवीची नळी कुठं अडकलीय का बघितली, अलीकडचा गुडघा दुमडला, खांदा आणि कंबर एकदम धरून वळवलं, पाठीमागं उशी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि वळवल्या वळवल्या सवयीनं पाठ बघितली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. नंतर केबिनमध्ये विचारलं, इंजेक्शन देता येतं का? अक्का म्हणाली, "नाही सिस्टर, ते तुमचं काम. काही लागलं तर मी तुम्हाला बोलवीन." मला हे सगळं नंतर त्याच सिस्टरनी फोनवर सांगितलं, आणि म्हणाल्या, अहो येतं म्हणणाऱ्या खूप येतात, त्यांचीच भीती वाटते.

त्याच सुमारास एका होम केअरवाल्यांकडूनही बोलावणं आलं. तिकडं दिवसाचा रेट जास्त होता, पण पेशंट बरा झाला किंवा गेला की काम बंद, दुसरा मिळेपर्यंत घरी, सुट्टी नाही, विमा नाही. हॉस्पिटलचा पगार कमी पण पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) दोन्ही, आठवड्याची सुट्टी, नेमणुकीचं पत्र. नवऱ्याला ईएसआयसी लागू नव्हतं, त्यामुळं अक्काच्या नावावर नवरा आणि पोरं दोघंही त्यात येतात हे घरात बसून समजावलं, आणि खरं सांगायचं तर नाईट ड्युटीला नवऱ्याचा जो विरोध होता तो याच मुद्द्यावर सैल झाला. नाईट आलटून पालटून आहे, ती टळत नाही, म्हणून नाईटच्या आठवड्यात घरून हॉस्पिटल आणि हॉस्पिटलहून घर यायचं कसं हे आधीच ठरवलं, शेजारचा रिक्षावाला महिन्यावर बांधला. पगाराच्या आकड्यातून रिक्षाचे पैसे वजा करून मगच होय म्हणायला सांगितलं, बायका हे वजा करतच नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात काम सोडतात.

रुजू व्हायच्या आधी तिला हेपॅटायटिस बी ची लस सुरू करायला लावली. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. सुई टोचायचा धोका फक्त इंजेक्शन देणाऱ्यालाच नसतो, कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्यालाही असतो, आणि ही लस हॉस्पिटल देणार का हे नेमणुकीच्या वेळीच विचारून घ्यावं. अक्काच्या हॉस्पिटलनं दिली.

आता ती मेडिसिन वॉर्डला आहे. जात पडताळणी प्रमाणपत्र अजून हातात यायचंय, गट ड च्या जाहिरातीसाठी आरोग्य विभाग, सिव्हिल आणि महापालिका तिन्हीकडं लक्ष ठेवून आहोत, ४३ व्हायला वेळ आहे. फाईलमध्ये हॉस्पिटलचं नेमणूक पत्र आणि पगाराच्या स्लिपा क्रमानं लावायला सांगितल्यात, कारण पुढच्या अर्जात ते लागणार. आणि गेल्या आठवड्यात तिनं तिच्याच गल्लीतल्या दोघींना माझ्याकडं पाठवलं, एकीनं वडिलांचं डायलिसिस चालू असताना तीन वर्षं सगळं केलंय, आणि तिच्याही बायोडाटात अनुभवाच्या पुढं तेच लिहिलंय. तिचं काम उद्यापासून सुरू करतोय.